पाणी निवळेपर्यंत

चैत्र आला की मी लोकांना आमचा गोवा दाखवत हिंडते. समुद्र सोडून. समुद्र दाखवायला माझी गरज नाही, तो कुणालाही दिसतो. पर्वरीतली एक लहानशी टूर कंपनी पुण्या-कोल्हापूरची माणसं गोळा करते आणि पेडणे-डिचोलीतल्या बागा, देवळांतली चित्रं, घरचं जेवण अशी तीन दिवसांची सहल मी करवते. शाळेत पोरांना वळण लावण्यात उमर गेली, आता निवृत्त झाल्यावर मोठ्यांना लावते. "टोपी घाला. ती काजूची ओली बी दातांनी फोडू नका, ओठ जळतील. हुर्राक, म्हणजे ती काजूची दारू, संध्याकाळी, सकाळी दहाला नाही." ऐकतात बिचारे. पैसे भरलेले असतात ना.

गेल्या वर्षीच्या टूरमध्ये पुण्याच्या एक बाई होत्या. त्या आदल्या वर्षी म्हणे भूमध्य समुद्रातल्या बेटांवर अशाच सहलीला गेल्या होत्या. वसंतातल्या बागा, भिंतींवरची चित्रं, जेवण, सगळं आमच्यासारखंच, फक्त विमानाने. कोरगावला माझ्या सासरच्या डोंगरावर नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस, पेल्यात दिला, तर म्हणतात कशा, "तिकडे लिंबाचा रस द्यायचे, अगदी असाच." देवळात काव दाखवली, चुन्याच्या भिंतीवर लाल माती चढवून लोखंडी टोकाने खरवडून काढलेली वेलबुट्टी. त्यावरही, "तिकडे निळा रंग असतो." मी म्हटलं, बाई, आमच्याकडे माती लाल आहे, निळी कुठून आणू? सगळे हसले, त्याही हसल्या. तशा त्या चांगल्या होत्या. गाडीत माझ्या शेजारीच बसायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी डिचोलीच्या वाटेवर त्यांनी मला एका बेटाबद्दल सांगितलं. तिथे ज्वालामुखी आहे, जिवंत, अधूनमधून धूर सोडतो, आणि त्याच्या पायथ्यालाच लोकांनी द्राक्षं नि संत्री लावली आहेत. माती कसदार असते म्हणे.

"आणि तिथं माणसं राहतात?"

"राहतात की. आम्ही गाइडला विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत का? तो हसला नुसता."

एरवी मी आणखी दहा प्रश्न विचारले असते. पण आदल्या संध्याकाळी दादाचा फोन आला होता, आणि माझं सगळं लक्ष तिकडेच होतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पाळीच्या बाजूला, आमच्या माहेरच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, तो आणि वैनी दोघंच राहायची. मुलगी लग्न होऊन बेळगावला. टूरचं शेवटचं जेवण त्यांच्याकडे असायचं. घराच्या मागून पाणी येतं ते पाटाने खाली पोफळींत, तिथून केळींत, मग माडांत, असं पायरी-पायरीने उतरत जातं. पोफळींवर मिरीचे वेल. आत शिरलं की भर दुपारी गारवा. लोक आत आले की आपोआप हळू बोलायला लागत, देवळात बोलावं तसं.

हे पाणी झरीचं. घरामागे चढ, चढावर झर, आणि झरीला लागून एक वारूळ. ते वारूळ म्हणजे आमची आई. मूर्ती नाही, देऊळ नाही, वर छप्परही नाही. वर्षातून एकदा, चैत्र-वैशाखात वळवाची एखादी सर येऊन गेली की झरीचं पाणी लाल होतं. मग आईचे दिवस सुरू झाले म्हणायचं. बाईला असतात तसे. तेवढे दिवस चढावर कोणी पाऊल ठेवायचं नाही. कोयता नाही, कुदळ नाही. पाटाचं पाणी बागेला जाऊ द्यायचं, पण घरात घ्यायचं नाही, प्यायला विहिरीचं. तीन-चार दिवसांत पाणी निवळतं. निवळलं की घरची लेक, लग्न होऊन गेली असली तरी तीच, पहिली वर जाते. तेल, हळद, नारळ घेऊन आईला न्हाऊ घालते. त्यानंतर बाकीच्यांनी जायचं.

आमच्या घरची लेक मी. वयात आले त्या वर्षापासून हे मी करत आले. पाणी लाल का होतं ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्या सरीने चढावरची धूळ धुऊन झरीत उतरते, एवढं तर मी चौथीच्या पोरांना शिकवलंय. पण मला त्या रीतीत कधी वावगं वाटलं नाही. चार दिवस बाईला आणि जमिनीला स्वस्थ पडू द्यावं, ह्यात कोणाचं काय जातं? पाहुण्यांना तर ही गोष्ट फार आवडायची. बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

दादा फोनवर म्हणाला होता, "आईचे दिस सुरू झाले. तुझी माणसां झरीकडे नेव नको."

"कधीपासून?"

"झाले सात-आठ दिस."

"सात-आठ? आणि पाऊस खंय पडलो?"

"आई काय पावसाक इचारून बसता?" दादा हसला.

पाऊस पडला नव्हता. पेडण्यात नाही, डिचोलीत नाही, शिवरात्रीपासून आभाळातून थेंब नाही. आणि चढाच्या माथ्यावर काय आहे ते मला माहीत होतं.

माथ्यावर खाण. लोहखनिजाची, बंद पडलेली. खोदून खोदून केलेला खंदक पावसाच्या पाण्याने भरलाय, हिरवागार, तळाचा पत्ता नाही. आणि खंदकाच्या आमच्या बाजूच्या काठावर मातीचा डंप, म्हणजे खोदून टाकलेल्या टाकाऊ मातीचा डोंगर. त्या डोंगरानेच ते पाणी अडवून धरलेलं, एवढं कुणालाही दिसावं. दिवाळीनंतर तो डंप हलवायला सुरुवात झाली. जुन्या टाकाऊ मातीलाही आता भाव आला म्हणे. मशीन खरवडतं, ट्रक भरतात, माल नदीच्या धक्क्यावर, तिथून बार्जने मुरगाव बंदरात. वाड्यावरची, म्हणजे आमच्या वस्तीतली, माणसं खुश होती. दादासुद्धा. खाणीच्या भरभराटीत त्यानं ट्रक घेतला होता, तो इतकी वर्षं अंगणात गंजत पडला होता, बोनेटमध्ये कोंबडी अंडी घालायची. आता त्याला वाटायला लागलं होतं, ट्रक पुन्हा चालेल.

"दादा, डंप काढतात त्या बाजूनं पाणी झिरपत असेल. कोणाला तरी वर पाठव, बघून येऊ दे."

"दिसांत? खुळी की काय? पाणी निवळल्याशिवाय कोणी वर जावचां नाय."

"आणि निवळलंच नाही तर?"

"निवळतलां. माका सगळां ठावक आसा. तू तुझी टूर बघ."

फोन ठेवला आणि मी तशीच बसले. वर काही बिघडलं असेल तर पाणी निवळणार नाही. पाणी निवळणार नाही तोवर कोणी वर जाणार नाही. मग ते कळणार कुणाला? हा गुंता मी रात्रभर उलटापालटा करत होते. नवरा म्हणाला, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, तुझा भाऊ काय कुक्कुलं बाळ आहे? मी म्हटलं, तुम्ही झोपा.

तर असे आम्ही पोचलो. गाडी अंगणात लागली, ट्रकच्या शेजारी. वैनी दारात आली. दरवर्षी तोंडभर हसायची, ह्या वेळी नुसता पदर सारखा केला.

मी आधी पाटाकडे गेले. पाणी लाल होतं ह्यात काही नवल नाही. पण वळवाच्या सरीनं येतं ते गढूळ, चहासारखं. हे दाट होतं. पाटाच्या कडेला लाल साय धरलेली. हात बुडवला तर बोटं दिसेनात. पाहुणे मागून आले, फोन काढून फोटो घ्यायला लागले. कंपनीच्या कागदावर आईच्या दिवसांची गोष्ट छापलेली होती, ती वाचून आलेली माणसं, त्यांना वाटलं नशीबच आपलं.

"किती सुंदर हो!" पुण्याच्या बाई म्हणाल्या. "आम्हाला बरोबर ह्याच दिवसांत आणलंत."

मला त्यांचा राग आला. त्यांची काय चूक? पण आला.

स्वयंपाकघरात गेले. वैनी सासवाला फोडणी देत होती. आंब्याचं सासव, तिरफळं घातलेलं खतखतं, फणसाची भाजी, अळसांद्याचं तोणाक, वर गोड म्हणून मणगण्याची खीर. सगळं एकटीनं केलं होतं. डोळे सुजलेले.

"वैनी, निजलीस नाय?"

तिनं दाराकडे बघितलं. दादा अंगणात पाहुण्यांना मिरीचा वेल दाखवत होता, आवाज येत होता. मग ती हळूच म्हणाली, "बाय, राती वर कोणतरी कदेलां ओढता, तसो आवाज येता."

लाकडी खुर्ची फरशीवरून ओढली की येतो तसा. चढावर कोण खुर्च्या ओढणार!

"दादाला सांगितलंस?"

"सांगलंय. आई कूस बदलता म्हणालो." तिनं पळी खाली ठेवली. "बाय, तू लेक. तुझो हक्क आसा. मी सून, माझ्यान जमाचां नाय."

तिनं कोनाड्यातून ताट काढून माझ्या हातात दिलं. तेलाची वाटी, हळद, कुंकू, नारळ. सकाळीच भरून ठेवलं होतं तिनं. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं दादाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

पानं मांडली. पाहुणे वसरीवर केळीच्या पानांपुढे बसले, दादा वाढायला उभा राहिला. तो वाढायचा फार प्रेमानं, आग्रह करकरून. खतखतं वाढून झालं, भात झाला, दादा भाजीचं भांडं घ्यायला वळला तेवढ्यात मी मागच्या दारानं निघाले.

चढ तसा मोठा नाही. लहानपणी धावत जायचो. पण त्या दिवशी पाय टाकला आणि जमीन दबली. चैत्रात! चैत्रात आमचा चढ इतका कडक असतो की अनवाणी चालवत नाही. इथं पाचोळ्याखाली ओल, आणि ती एका जागी नाही, सगळ्या चढाला. झरीतून पाणी येतं म्हणतो आपण. इथं सगळा चढच पाझरत होता. एका पक्ष्याचा आवाज नाही. मी ताट छातीशी धरून चालत होते आणि स्वतःशीच बडबडत होते, आई गो, मी लेक, रागावू नकोस, आई गो. शिकलेली-सवरलेली बाई मी. पण तिथं दुसरं काही तोंडाला आलं नाही.

झर दिसेना. कातळातली कुंडी लाल चिखलानं काठोकाठ भरलेली. वारूळ अर्धं विरघळून खाली बसलं होतं, गुळाची ढेप ओली झाल्यावर बसते तसं. मागचा फणस, आमच्या आजोबांच्या वेळचा, खाली झुकला होता, घराच्या बाजूला. आणि त्याच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग. लांब, आडवी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी जवळ गेले. पाऊल आत गेलं असतं. मी उभी असतानाच त्या भेगेच्या कडेचं एक ढेकूळ सुटलं आणि आत पडलं. पडल्याचा आवाज खालून आला नाही.

ताट तिथंच ठेवलं की पडलं, आठवत नाही. उतरताना दोनदा घसरले.

वसरीवर आले तेव्हा दादा मणगणं वाढत होता. "दादा, सगळ्यांना बाहेर काढ," मी म्हटलं, "चढ सुटलाय. फणस वाकलाय. खंदकाचं पाणी खालून येतंय. आत्ताच्या आत्ता."

दादानं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. तो माझ्या पायांकडे बघत होता. घोट्यापर्यंत लाल चिखल.

"तू वर गेलंस?"

"दादा, अरे ऐक..."

"दिसांत वर गेलंस?"

आवाज चढलेला नव्हता. मणगण्याचं भांडं त्यानं खाली ठेवलं, आणि इतकं हळू ठेवलं की मला रडू फुटलं. पाहुण्यांतला एकजण फोन माझ्याकडे धरून शेजारणीला विचारत होता, "हे कार्यक्रमात आहे का?"

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. असा आवाज काढला की शाळेत सुद्धा कधी काढला नसेल. उठा! हात धुवायचे नाहीत, चपला हातात घ्या, गाडीत बसा! मेल्यांनो, जेवण कुठं पळत नाही, उठा! उठले सगळे, उष्ट्या हातांनी. ड्रायव्हर आमच्याच बाजूचा, त्यानं माझे पाय बघितले आणि गाडी चालू केली. वैनी गोठ्यात धावली, गुरांची दावी सोडून त्यांना रस्त्याकडे हाकललं.

दादा हलेना. खांबाला टेकून उभा राहिला. "मी खंय वचान नाय. तू केलंस तां निस्तरूक कोणतरी हंय होया."

मी त्याचा हात धरला, त्यानं सोडवून घेतला. ओरडले, शिव्या घातल्या, आईची शपथ घातली. दगड तो दगड. तेवढ्यात वैनी माझ्या मागून चालत आली, दादाकडे न बघता गाडीत चढली आणि जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीच्या, सीटवर जाऊन बसली. दादा बघतच राहिला. "गो, उतर खाली!" ती समोर बघत बसली. तो तिला उतरवायला गाडीत चढला. मी मागून चढले आणि ड्रायव्हरनं दार ओढून घेतलं.

हमरस्त्यावर, वाड्याच्या समोरच्या उंचावर, गाडी उभी केली. वाटेतल्या घरांना ओरडून सांगितलं होतं, तीही माणसं येऊन उभी राहिली. मी पंचायतीत फोन केला, आगीच्या बंबाला केला. आणि मग काहीच झालं नाही. ऊन तापत होतं, पाहुणे घामाघूम, कुणी म्हणालं परत जाऊन हात तरी धुऊ. दादा गाडीबाहेर येरझाऱ्या घालत होता. वाड्यावरचे लोक माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटत होते. माझ्या मनात आलं, काही झालं नाही तर मी ह्या माणसांना तोंड कसं दाखवू? आणि लगेच दुसरं मन म्हणालं, काही होऊ नये गो बाय, तोंड काळं होऊ दे, पण काही होऊ नये.

आवाज फार मोठा नव्हता. ट्रक रिकामा करतात तसा, फक्त थांबला नाही. आम्हाला वरून दिसलं. घरामागच्या पोफळी हलल्या. पडल्या नाहीत, उभ्याच्या उभ्या, शेंड्यांसकट, पुढं सरकत आल्या, दहा-बारा पावलं चालल्या, आणि मग एकेक बसत गेल्या. त्यांच्यामागून लाल चिखल आला. वसरी गेली. जनेलांपर्यंत घर गेलं. केळी दिसेनाशा झाल्या. वैनीनं तोंडात पदर कोंबला. पुण्याच्या बाई माझ्या दंडाला धरून उभ्या होत्या.

माणूस एकही गेला नाही. गुरं वाचली. ट्रकसुद्धा वाचला, चिखल त्याच्या चाकांपाशी येऊन थांबला. मला वाटलं, देवा, जिंकले मी. किती खुळी!

नंतर कोण कोण आलं. साहेब आले, पाहणी झाली, चढ ठिसूळ होता असं ठरलं. डंपचं काम महिनाभर बंद होतं, मग सुरू झालं. तो राग माझा वेगळा आहे. पण वाड्यावर त्याबद्दल कोणी बोलतच नव्हतं. वाड्यावर एकच बोलणं, दिवसांत कोण वर गेलं? घरचीच लेक गेली. आई अंगावर नाही येणार तर काय करणार?

वाड्यानं ग्रामदेवाला कौल लावला. आमच्याकडे देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच विचारून ठरतं. प्रश्न विचारला दादानं. आई कोपली ती आमच्या बायच्या पायांमुळं काय? उजवी पाकळी पडली. वैनीनं मला फोनवर रडत रडत सांगितलं. मी विचारलं, आणि खाणीबद्दल काय विचारलं? ती म्हणाली, खाणीबद्दल कोणी कौल लावलोच नाय.

दादा-वैनी आता त्याच वाड्यावर एका भाड्याच्या खोलीत राहतात. दादा ट्रक चालवतो. डंपाची मातीच नेतो, धक्क्यावर. चवथीला, गणपतीत, मी गेले तर तो मागच्या दारानं निघून गेला. त्याच्यासाठी कांकणां, बांगडीसारखे कडक पाव, घेऊन गेले होते डिचोलीच्या पाववाल्या पोदेराकडची, चहात बुडवून खायला त्याला आवडतात. वैनीनं घेतली आणि पिशवी पदराखाली धरली. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, खाल्ली नाहीत. मी रागानं म्हटलं, कोंबड्यांना घाल. आणि फोन ठेवून रडले.

यंदा मी टूरमध्ये कुळागर ठेवलं नाही. कोरगावला काजू आणि एका ओळखीच्या घरी जेवण, बस्स. टूर सुरू व्हायला आठवडा होता तेव्हा वैनीचा फोन आला, अगदी हळू आवाजात. कुठूनतरी लपून करत असावी. त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दुसरं एक कुळागर आहे, आमच्या लांबच्या भाऊबंदांचं. म्हातारा-म्हातारी, मुलगा, सून, तिचं तान्हं बाळ. त्यांची झर लाल झाली होती.

"पाऊस?"

"नाय."

पंचायतीत फोन केला, लेखी द्या म्हणाले. खाणखात्यात केला, साहेब मीटिंगमध्ये. मग मी डिचोलीची बस पकडली, पुढं एका ओळखीच्या पोरीच्या स्कूटरवरून वाड्याच्या तोंडापर्यंत. त्या कुळागराची वाट तिथूनच फुटते. उतरले तर वाटेवर माणसं आडवी उभी. पाच-सहा जण असतील, सगळे माझ्या ओळखीचे, कुणाच्या मुंजीत जेवलेय, कुणाला बाराखडी शिकवलीय. मधोमध दादा. मी येणार हे त्यांना कसं कळलं देव जाणे. वैनीचा फोन कोणीतरी ऐकला असणार. कुडालाही कान असतात.

दादा माझ्याशी बोलला. वर्षभरात पहिल्यांदा. म्हणाला, "बाय, तू मागे फिर."

"दादा, त्या घरात बाळंतीण आहे. त्यांना दोन दिवस बाहेर काढ. मी वर जात नाही, तू जा. कोणीही जा. नुसतं बघून या."

"पाणी निवळांदे."

"निवळणार नाही रे! तुला कळत कसं नाही? तू स्वतः वरून माती काढून नेतोस!"

त्याच्या तोंडावरची शीर हलली. मग त्यानं हात जोडले. माझ्या थोरल्या भावानं, मला. "तुझ्या पायांनी एक कुळागर गेलां. ह्यां एक तरी ऱ्हवांदे."

मी तशीच पुढे चालायला लागले. मला वाटलं होतं धरतील, ओढतील. पण मी एक पाऊल पुढे टाकलं तर डावीकडचा माणूस एक पाऊल मागे सरला. पुढचं टाकलं, उजवीकडचा सरला. कुणी हात पुढे करेना. मग माझ्या लक्षात आलं, ती माणसं माझ्या अंगाला हात लावायला घाबरत होती. माझी सावलीसुद्धा टाळत होती.

उरला दादा. ह्यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. मी त्याच्यापुढे उभी राहिले, हातभर अंतरावर. म्हटलं, "अडव. दादा, धर माझा हात आणि अडव. मी जाईन परत, देवाशपथ." तो धरेल असं मला खरंच वाटलं. त्याचा हात थोडा उचललाही होता.

मग दादानं हात मागे घेतला आणि तो बाजूला झाला, माझा पदरसुद्धा लागू नये इतका.

मी त्याच्या शेजारून गेले आणि त्या कुळागराच्या लाल पाटाच्या कडेनं वर चढायला लागले.